चौदा टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर

५ मार्च, मंगळवार

आज गिरणीत कपॅसिटर फुटला. कामाच्या नोंदवहीत एवढंच लिहिलं: पॅनेल दोन, कपॅसिटर निकामी, एक कर्मचारी जखमी. तिथे याहून जास्त लिहायची सोय नसते, म्हणून हे इथे.

जेवणाच्या सुट्टीनंतरची गोष्ट. दुकानाचं शटर कुणी धाडकन सोडावं तसा आवाज झाला. मी धावत गेलो तेव्हा पॅनेलचं दार वाकलं होतं, तेलाचा उग्र वास सुटला होता आणि आमचा मुख्य वायरमन भिंतीला टेकून आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा होता. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा. याचं खरं नाव हजेरीपत्रकाबाहेर कुणी वापरत नाही. चटकन उडतो म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणतात, आता त्याची बायकोसुद्धा.

दवाखान्यात जाईपर्यंत गाडीत एकच विचारत होता, "साहेब, मेन बंद केलीत ना?" केली होती. तरी त्याने तीनदा विचारलं.

मनगटापासून कोपरापर्यंत भाजलंय. बोटं हलतात. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, पण कातडी आखडेल, व्यायाम करावा लागेल.

६ मार्च, बुधवार

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "नवे कपॅसिटर बसवा. या वेळी जरा चांगल्या कंपनीचे घ्या."

"मागचेही चांगल्याच कंपनीचे होते, साहेब."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. गिरणीत मोटारींवर वेग कमीजास्त करणारे नवे ड्राइव्ह बसवल्यापासून आपली वीज शुद्ध राहिलेली नाही. ड्राइव्ह वीज सलग पीत नाहीत, घोट घोट घेतात. त्यामुळे मूळ लाटेवर तिच्या पाचपट, सातपट वेगाच्या बारीक लाटा स्वार होतात. याच हार्मोनिक. कपॅसिटर असा भोळा, की लाट जितकी वेगवान तितकं तिला दार सताड उघडं. आत गर्दी होते, तापतो, फुगतो, फुटतो.

"मग याला औषध?"

"प्रत्येक कपॅसिटरच्या आधी एक रिअ‍ॅक्टर. लोखंडी गाभ्यावर तांब्याची गुंडाळी. तो या लाटांना दारातच अडवतो."

"मग आणा की!" बाजारातून कांदे आणायला सांगावं तसं म्हणाले.

मोटारींचा फुकटचा भार एरवी कपॅसिटर उचलतात; ते नाहीत म्हणून ट्रान्सफॉर्मरवरचा भार वाढलाय, हात लावायची सोय नाही इतका तापतोय. सहा माग बंद ठेवावे लागले. ब्लँकेट विणणाऱ्या बायकांना घरी पाठवलं. त्यात फ्यूजची बायकोही आहे. फाटकाशी मला म्हणाली, "आता दोघं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसू. लवकर काय ते करा, साहेब, नाहीतर दुसरा स्फोट आमच्या घरात होईल."

हसलो खरा, पण लवकर म्हणजे कधी ते मलाच माहीत नव्हतं.

९ मार्च, शनिवार

रिअ‍ॅक्टर निवडायचा तर आधी कोणती हार्मोनिक किती आहे ते मोजायला हवं. त्यासाठी बाहेरून एक मॅडम आल्या आहेत. हेच काम करतात, एकट्याच, गावोगाव फिरून. वय माझ्याएवढंच असावं. केस रंगवलेले नाहीत. चष्मा दोरीने गळ्यात. मोजणीयंत्राची पेटी स्वतःच उचलून आणली, मी पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू द्या, हिला माझ्या हाताची सवय आहे."

पहिल्या तासाभरात माझ्या वायरिंगच्या नकाशातली चूक काढली. वाळवणी विभागातले हीटर मी तीन फेजवर समान दाखवले होते. प्रत्यक्षात ते एकेका फेजवर आहेत, तेही कमीजास्त. मला राग यायला हवा होता.

संध्याकाळी ताई वर आली. माझी थोरली बहीण. शाळेत नर्स होती, आता निवृत्त. खालच्या मजल्यावर राहते आणि बायको गेल्यापासून माझ्या डब्याची काळजी तीच करते. म्हणाली, "आज बडबडतोयस बराच."

हार्मोनिकबद्दल सांगत होतो, असं म्हणालो.

१२ मार्च, मंगळवार

पहिले आकडे आले. पाचवी हार्मोनिक भरपूर, सातवी बऱ्यापैकी, तिसरी नावापुरती. म्हणजे सात टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर पुरेल. माझा अंदाज तोच होता.

हे टक्क्यांचं प्रकरण ताईला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, माझंच मला स्पष्ट होतं. टक्का म्हणजे रिअ‍ॅक्टर किती कडक पहारा देतो त्याचं माप. सात टक्क्यांचा पाचव्या हार्मोनिकला आणि तिच्या वरच्यांना अडवतो. तिसरी मात्र त्याच्या कक्षेच्या खाली राहते. नुसती सुटत नाही, कधीकधी कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून तिला झोका द्यायला लागतात. वेळेवर धक्का मिळाला की झोका चढतच जातो, तसं. तिसरी जोरात असेल तर चौदा टक्क्यांचा लागतो. तो जड, मोठा, जास्त तापणारा, त्याच्याबरोबर कपॅसिटरही जास्त व्होल्टेजचे. कुणी तयार ठेवत नाही, बनवून घ्यावा लागतो.

मॅडमना म्हणालो, "मग सातवर शिक्का मारू या."

"वाळवणीचे हीटर बंद होते ना या आठवड्यात?"

"जाड ब्लँकेटचं काम असेल तेव्हाच लागतात."

"मग ते लागेपर्यंत थांबू या."

मनात आलं, यांना काम लांबवायचंय. लगेच वाटलं, लांबलं तर लांबलं, मोजणी नीट व्हायला हवी. सबस्टेशनच्या खोलीत एकच खुर्ची होती, स्टोअरमधून दुसरी मागवून घेतली. आकडे दोघांनी मिळून पाहिलेले बरे.

१५ मार्च, शुक्रवार

साहेबांनी सात टक्क्यांचं पॅनेल मागवून टाकलं. एका पुरवठादाराकडे तयार होतं. मी म्हणालो, मोजणी संपलेली नाही. साहेब म्हणाले, "तुम्हीच सात म्हणालात." म्हणालो होतो खरा.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, काढला. "पॅनेल काय, येईल आणि उभं राहील. चालू करायचं की नाही ते मीटर सांगेल."

त्यांना बिनसाखरेचा चहा लागतो. आमचा चहावाला एकदम सगळा करतो, त्याला वेगळा करायला सांगितलं. मीही साखर सोडून पाहतोय. या वयात चांगलंच.

१९ मार्च, मंगळवार

केस कापून आलो. उन्हाळा सुरू झालाय.

ताई म्हणाली, "निळा शर्ट इस्त्रीला दिलाय वाटतं."

म्हटलं, बाहेरची माणसं येतात कारखान्यात, गबाळं दिसू नये.

"माणसं?" असं म्हणून खाली गेली. हिचं बोलणं कधीकधी अर्धवटच असतं.

२१ मार्च, गुरुवार

जाड ब्लँकेटचं काम सुरू झालं, वाळवणी पेटली, आणि तिसरी हार्मोनिक उठून बसली. मॅडमनी मीटरचा पडदा माझ्याकडे वळवला. हीटरचे नियंत्रक लाटेचा तुकडा कापून घेतात, तेही एकेका फेजवर असमान. माझ्या नकाशात ते समान होते म्हणून मी तिसरीचा विचारच केला नव्हता.

मीच म्हणालो, "चौदा."

"चौदा," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघं उगाचच थोडा वेळ पडद्याकडे बघत बसलो.

पण सात टक्क्यांचं पॅनेल बसवून झालंय. साहेबांना उद्या सकाळी ते चालू झालेलं हवंय. फाटकाशी विणणाऱ्या बायका रोज येऊन विचारतात. फ्यूजची बायको आज काही बोललीच नाही, नुसती बघून गेली. ते जास्त लागलं. मी उद्या नाही म्हणालो तर या बायका आणखी कित्येक आठवडे घरी. हो म्हणालो आणि पॅनेल फुटलं तर? झोप येईल असं वाटत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

सविस्तर लिहितो.

सकाळी साहेब स्वतः सबस्टेशनमध्ये आले. फ्यूजही आला होता, हाताला पट्ट्या, सुट्टीवर असून. म्हणाला, "माझं पॅनेल आहे, मी नसताना कसं चालू कराल?"

मी साहेबांना म्हणालो, "वाळवणी चालू असताना हे पॅनेल पूर्ण चालू करायला मी सही देणार नाही."

"मी देतो सही. जबाबदारी माझी."

"साहेब, सही तुमची असेल. पण दारासमोर उभा राहणारा हा असेल." मी फ्यूजकडे बोट केलं.

साहेबांचा चेहरा बदलला. वाईट माणूस नाही. वरून त्यांनाही कुणीतरी रोज फोन करतं. मी म्हणालो, "एक करू. पॅनेलमधले कपॅसिटर सहा टप्प्यांत जोडलेत. एकेक टप्पा चालू करतो, तुम्ही मीटर बघा. तिसरी वाढली नाही तर मी माझं म्हणणं मागे घेतो."

मान्य झालं. फ्यूज पुढे आला, मी त्याला मागे सारलं. सगळ्यांना जाळीच्या दाराबाहेर उभं केलं. मॅडम मात्र आतच, मीटरपाशी.

"मॅडम, बाहेर."

"आकडे कोण वाचणार? इथून नीट दिसतात."

"बाहेरून वाचा."

"चष्म्यातूनही तितकं लांबचं..."

"बाहेर व्हा म्हणतो ना!"

मी ओरडलो. गिरणीत इतक्या वर्षांत बाईमाणसावर कधी आवाज चढवला नव्हता, पुरुषांवरही क्वचित. फ्यूज माझ्याकडे बघतच राहिला. मॅडमनी शांतपणे मीटरची लांब वायर सोडवली, मीटर उचलला आणि जाळीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पहिला टप्पा. "तिसरी अडीच टक्के होती, पावणेतीन झाली," बाहेरून त्यांचा आवाज. दुसरा टप्पा. "साडेतीन." ट्रान्सफॉर्मरची घरघर जाडसर झाल्यासारखी वाटली. तिसरा. "पावणेपाच. चढतेय." मग त्यांनीच, माझ्याहून हळू आवाजात, "आता पुरे."

चौथ्या बटणावर माझं बोट होतं. साहेब म्हणाले, "बंद करा. बंद करा हो."

बंद केलं. झोका थांबला. साहेबांनी धरलेली जाळी सोडली. मग फ्यूजला विचारलं, "हात कसा आहे?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. फ्यूज म्हणाला, "जागेवर आहे." आणि मला म्हणाले, "चौदाचा मागवा. मधल्या काळाचं काय ते तुम्ही बघा."

दुपारी मॅडमची माफी मागितली. म्हणालो, सुरक्षेचा नियम आहे, काम करणाऱ्याखेरीज आत कुणी नको, दुसरं काही नाही.

"नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण ओरडलात ते नियमासारखं वाटलं नाही."

म्हणजे रागावल्या असाव्यात.

२३ मार्च, शनिवार

मधल्या काळाचा मार्ग सापडला. वाळवणी आणि सगळे माग एकाच वेळी चालवायची गरज नाही. सकाळी वाळवणी, दुपारी सगळे माग. भार वाटला जातो, ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरशिवायही तग धरतो. बायकांना अर्धी पाळी तरी मिळेल. फ्यूजच्या बायकोने निरोप पाठवलाय: अर्धा दिवस तरी याच्या तोंडापासून सुटका, देव तुमचं भलं करो.

मॅडमना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "हे मला सुचलं नसतं."

साधंच वाक्य. घरी येताना रस्त्यात दोनदा आठवलं.

११ एप्रिल, गुरुवार

दोन कारखान्यांनी चौदा टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर बनवून द्यायची तयारी दाखवली होती. कागदावर दोन्ही सारखेच. मॅडम म्हणाल्या, कागदावर सगळेच सारखे असतात, प्रत्यक्ष बघू. आज दोन्हीकडे गेलो, त्यांच्या गाडीतून. त्या फार हळू चालवतात. मला एरवी हळू गाडीत बसवत नाही.

पहिल्याचा रिअ‍ॅक्टर दिसायला सुबक, हलका. मॅडम म्हणाल्या, याच्यातून नेहमीच्या दीडपट करंट सोडा. सोडला, तर त्याचा अडसर घसरला. गाभ्यात लोखंड कमी. हार्मोनिकच्या गर्दीत नेमकं तिथेच ते तृप्त होतं, म्हणजे आणखी चुंबकत्व त्यात मावत नाही, आणि मग रिअ‍ॅक्टर नुसता तारेचा गठ्ठा उरतो. चौदाचा आठ-नऊ होऊन बसला की आपण पुन्हा होतो तिथेच.

दुसऱ्याचा बोजड, ओबडधोबड, पण दीडपट करंटलाही जागचा हलला नाही. गाभ्यातल्या फटी नीट बसवलेल्या. फार तापला तर आपोआप पॅनेलची वीज तोडणारा स्विच गुंडाळीच्या आत, वरवर चिकटवलेला नाही. मालक म्हणाला, "दिसायला बरा नाही, पण दगा द्यायचा नाही."

मॅडम म्हणाल्या, "आमच्या वयाला असाच आवडतो." मालक हसला, मीही हसलो. नंतर लक्षात आलं की 'आमच्या' म्हणाल्या. अर्थात, कामाच्या संदर्भात.

तोच ठरवला.

परत येताना झाडाखाली थांबून डबा उघडला. ताईने दोघांपुरतं बांधलं होतं. मी सांगितलं नव्हतं. दोन संत्रीसुद्धा. मॅडम सोललेलं साल एका बाजूला रचून ठेवतात, अखंड, गुंडाळी केल्यासारखं. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली म्हणाल्या. मुलगा परदेशात. मीही बायकोचं सांगितलं. कुणाला सहसा सांगत नाही. आजारपणाबद्दल कधीच नाही, पण तेही निघालं. त्यांनी दुसरं संत्रं सोलून माझ्यापुढे ठेवलं. नंतर म्हणाल्या, "उशीर होईल, निघू या," आणि तरी आम्ही बराच वेळ निघालो नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही. रिअ‍ॅक्टर बनतायत. मॅडम दुसऱ्या एका गिरणीच्या मोजणीला गेल्यात. सबस्टेशन नेहमीसारखं.

छातीत जरा रिकामं रिकामं वाटतं, आम्लपित्त असावं. ताईला गोळी मागितली. तिने नर्ससारखं नाडी-बिडी बघितली आणि म्हणाली, "गोळी देत नाही. याच्यावर नसते."

३ मे, शुक्रवार

पॅनेल चालू झालं.

रिअ‍ॅक्टर आल्यापासून जोडणीला आम्हाला बरेच दिवस लागले. फ्यूज कामावर परतलाय, मनगट पूर्ण वळत नाही, पण पाना धरतो आणि सगळ्यांवर ओरडतो, म्हणजे बराच बरा आहे. प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः पुन्हा तपासला. मॅडम सकाळीच आल्या. वाळवणी पूर्ण पेटवली, सगळे माग चालू. मग फ्यूज म्हणाला, "या वेळी मी." मी काही बोलणार तोच मॅडमनी मान हलवून मला थांबवलं. बरोबर होतं त्यांचं.

टप्पे एकेक करून सहाही चालू झाले. तिसरी आधी अडीच होती, दोनच्या खाली आली. पाचवीही उतरली. ट्रान्सफॉर्मरचा आवाज मऊ झाला. रिअ‍ॅक्टर गुणगुणतात, पण एका सुरात.

फ्यूज पॅनेलसमोरच खाली बसला. डोळे पुसत होता, म्हणाला घाम. मग उठून मागाच्या खात्यात गेला, बायकोला सांगायला. ती तिथूनच ओरडली, "ऐकलं! आवाज ऐकला आम्ही!"

मोठे साहेब येऊन गेले. "झालं एकदाचं," म्हणाले. मग मॅडमना, "तुमचं काम संपलं म्हणायचं."

त्या म्हणाल्या, "हो, संपलं."

पेटी मी उचलून गाडीत ठेवली. या वेळी उचलू दिली.

११ मे, शनिवार

सगळं सुरळीत. साहेबांनी कौतुकाचं पत्र दिलं, त्यात फ्यूजचंही नाव आहे, खरं नाव. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हा कोण?"

कामात दोष काढायला जागा नाही. तरी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. इतकं मोठं काम संपलं की असं होत असावं.

ताई आज वर आली, रिकामा डबा उचलला. मग म्हणाली, "अरे, फोनला काय शॉक बसतो का?"

कशाबद्दल बोलतेस, विचारलं.

"रिअ‍ॅक्टरबद्दल," म्हणाली. "तुझ्याशी दुसऱ्या कशाबद्दल बोलणार?"

१८ मे, शनिवार

उकाडा वाढलाय. रिअ‍ॅक्टर चांगलेच तापतात. किती तापलेले चालतात ते पाटीवर लिहिलंय, मी रोज वाचतो, आणि आमचे त्याच्या बरेच खाली आहेत. तरी खात्री करून घेतलेली बरी, म्हणून दुपारी मॅडमना फोन लावला आणि विचारलं, रिअ‍ॅक्टर किती तापलेला चालतो?

त्या क्षणभर थांबल्या. मग सांगायला लागल्या. अगदी सुरुवातीपासून, तांबं म्हणजे काय, त्यावरचं वेष्टण, हवा कशी खेळती हवी, उन्हाळ्यात काय बघावं. सगळं सावकाश, मला काहीच माहीत नसावं तसं. मी मधे "हो का?", "असं होय?" म्हणत राहिलो. चहा गार झाला.

शेवटी म्हणाल्या, "लक्षात राहील ना?"

म्हटलं, एवढं सगळं एकदम राहणं कठीण आहे.

"मग उद्या पुन्हा विचारा," त्या म्हणाल्या.

उद्या रविवार आहे, गिरणी बंद. तरी विचारतो.